गल्ल्यावर घरचंच माणूस : जुन्या इटालियन हॉटेलांत जेवलेल्या कोल्हापूरकरांचे अनुभव

गंगावेश (धागाकर्ता)

मंडळी, कोल्हापूरचा माणूस परगावी गेला की पहिल्या घासापासून तिथल्या जेवणाला नावं ठेवतो, हे आपण जाणतोच. तिखट नाही, रस्सा नाही, मटणाच्या फोडी मोजून. तरी आपल्यातले बरेचजण आता रोम, लंडन, न्यूयॉर्क करून आलेत, काही तिथलेच झालेत. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट सारखी कानावर येते. परदेशात आपल्या माणसाचा जीव रमला तो जुन्या, घरच्यांनी चालवलेल्या इटालियन हॉटेलात. आजोबांनी सुरू केलेलं, नातू गल्ल्यावर बसलेला आणि आत भटारखान्यात आत्या कुणाला तरी झापतेय, अशा ठिकाणी.

तर हा धागा त्यासाठी. मोठ्या शहरातलं, दोन-तीन पिढ्यांचं इटालियन हॉटेल. काय खाल्लंत, कसं वागवलं, बिल बघून काय वाटलं, सगळं लिहा. इथल्या खानावळींचा विषय निघाला तर अडवणार नाही, तो निघणारच. फक्त पदार्थांचे फोटो नकोत, ते कुठंही मिळतात.

सुरुवात मीच करतो.

रोममध्ये टेस्टाचो म्हणून एक भाग आहे. तिथला मोठा कत्तलखाना १९७५ मध्ये बंद झाला, आता त्या आवारात कलादालनं आणि विद्यापीठाचे वर्ग भरतात. कत्तलखान्यातल्या कामगारांना मजुरीचा काही हिस्सा जनावराच्या उरल्यासुरल्या भागांत मिळायचा. आतडी, काळीज, फुप्फुस, शेपूट. चांगलं मांस बड्यांच्या घरी जायचं. हे लोक आपला वाटा घेऊन समोरच्या खानावळींत जायचे आणि शिजवून घ्यायचे, असं तिथं सांगतात. आज रोमचे म्हणून जे पदार्थ मिरवतात, त्यातले बरेचसे ह्या उरलेल्यातून आलेत. चेक्किनो नावाचं १८८७ चं हॉटेल त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं, आणि त्याचं वाईनचं तळघर मागच्या टेकडीत खोदलंय. ती टेकडीसुद्धा मातीची नाही. प्राचीन रोमन काळात तेलाचे रांजण बंदरावर रिकामे करून फोडायचे, त्या खापरांचा तो ढीग आहे.

आम्ही जेवलो ते त्याच भागातल्या दुसऱ्या एका घरच्या हॉटेलात. शेपटीचा रस्सा तिथला मानाचा, पण तो बैलाचा, त्यामुळं आमच्यात चालणारा नव्हता. माझ्या मुलानं तसं सांगितल्यावर म्हाताऱ्या मालकांनी माझ्या हातातलं मेनूकार्ड काढूनच घेतलं आणि स्वतः ठरवून टाकलं : कोकराची कोरातेल्ला. म्हणजे काळीज, हृदय, फुप्फुस बारीक चिरून, आर्टिचोक नावाच्या भाजीबरोबर पांढऱ्या वाईनमध्ये परतलेलं. वजडी, रक्ती, मुंडी खाऊन वाढलेल्या माणसाला त्यात बिचकण्यासारखं काय? मसाला म्हणाल तर मीठ नि मिरी, बस्स. पण फुप्फुस पूर्ण मऊ आणि काळीज जेमतेम शिजलेलं, आतून ओलसर. मुलानं विचारून घेतलं. फुप्फुस आधी टाकायचं, मग हृदय, काळीज अगदी शेवटी, नाहीतर त्याचं चामडं होतं. आमच्या आईची पद्धत हीच होती.

बिल मागितलं तर मालकीणबाईंनी टेबलावर पसरलेल्या कागदाच्या कोपऱ्यावरच पेनानं आकडे मांडले, बेरीज केली, कोपरा फाडला आणि हातात दिला.

कट वाढा

काका, बाकी सगळं मान्य, पण भाकरीशिवाय काळीज-फुप्फुस?

गंगावेश

ब्रेड होता की. त्याचे वेगळे पैसे लागले.

कट वाढा

बघा! फुकट पाण्याच्या गावातली माणसं आम्ही, ब्रेडचे पैसे ऐकूनच भूक मेली.

पापाची तिकटी

त्या ब्रेडच्या पैशावरून आमच्या ग्रुपमध्ये भांडण झालं होतं म्हणून लिहितो. इटलीत बऱ्याच ठिकाणी माणशी एक-दोन-तीन युरो असा आकार लावतात. टेबल, चमचे-काटे, ब्रेड सगळ्याचा मिळून. त्याला कोपेर्तो म्हणतात आणि मेनूवर छापलेला असतो. ही फसवणूक नव्हे, रीत आहे. रोम ज्या प्रांतात येतं तिथं ह्या नावानं पैसे घ्यायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून तिथं ते ‘ब्रेड’ म्हणून लावतात. आमच्यातल्या एकानं ‘आम्ही ब्रेडला हातच लावला नाही’ म्हणून वाद घातला आणि वाढप्यानं टोपली उचलून नेली, पैसे कमी केले. म्हणजे सांगून बघायला हरकत नाही, पण दीड युरोसाठी तोंड किती वाजवायचं ते आपलं आपण बघा.

दसरा चौक ते जर्सी

छान धागा, काका. माझे सासरे, आमचे आप्पा, तालमीतले, खासबागच्या मैदानात लढलेले. ते आमच्याकडं आले तेव्हा महिनाभर घरचंच जेवले, बाहेर काही खायला तयार नव्हते. शेवटी ब्रुकलिनमधल्या एका शंभरी ओलांडलेल्या इटालियन हॉटेलात त्यांना नेलं.

एक आधीच सांगते, न्यूयॉर्कची जुनी इटालियन हॉटेलं म्हणजे इटलीतलं जेवण नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नेपल्स, सिसिली, कालाब्रिया इकडची गरीब माणसं बोटीनं इथं आली. तिकडं मांस सणावारी मिळायचं, इथं पगारात परवडायला लागलं. मग खिम्याचे छोटे गोळे मुठीएवढे झाले आणि स्पॅगेटीच्या डोक्यावर जाऊन बसले. चिकन पार्मेजान ह्या नावाची ताटभर तळलेली कोंबडी, वर टोमॅटोचा सॉस आणि वितळलेलं चीज, हेही इथलंच. इटलीत वांग्याचं पार्मिजाना असतं, त्याची ही अमेरिकन नात. लाल सॉस सगळ्यावर असतो म्हणून अशा हॉटेलांना इथं ‘रेड सॉस’ म्हणूनच ओळखतात. त्यातलं सगळ्यांत हट्टी म्हणजे हार्लेममधलं राओज, १८९६ चं. मोजकी टेबलं, आणि तीही जुन्या गिऱ्हाइकांना वारानुसार वाटून दिलेली. फोन करून जागा मिळत नाही, कुणीतरी टेबलवाला ओळखीचा लागतो. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही.

आम्ही गेलो तिथं भटारखाना काचेमागं होता, बाहेरून सगळं दिसायचं. आप्पा टेबलावर बसायलाच तयार नाहीत. काचेपाशी उभं राहून आचारी कोंबडीचा तुकडा लाकडी हातोड्यानं कसा बडवतोय ते बघत राहिले. ‘हात चांगलाय,’ म्हणाले आणि मग बसले. बसल्या बसल्या कांदा-लिंबू मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काळा बो लावलेला तो सत्तरीचा वाढपी आत गेला आणि बशीत लाल कांद्याच्या चकत्या नि लिंबाच्या फोडी घेऊन आला, चेहऱ्यावर काही नाही. आप्पांनी कोंबडी खाल्ली, मग मला विचारतात, ‘चव हाय, पण रस्सा कुठाय?’ मी वाढप्याला जरा जास्तीचा सॉस मिळेल का विचारलं. वाडगाभर आला, गरम, ब्रेडसकट. तो संपला तर न विचारता दुसरा आला, आणि बिलात त्याचा उल्लेख नव्हता. तिथं हॉटेल पास झालं. कोल्हापुरात फिरून सगळ्यांना सांगितलं त्यांनी, रस्सा अनलिमिटेड हाय म्हणून.

मंगळवारपेठी

आप्पांना दंडवत.

नापोलीचा, म्हणजे नेपल्सचा, अनुभव माझा. भावांनो, दा मिकेले. १८७० पासूनचं घराणं, पिझ्झा म्हटलं की जगात भारी. बाहेर रस्त्यावर ही गर्दी. दारात एकजण नंबराची चिठ्ठी देतो, ती घेऊन फूटपाथवर थांबायचं आणि इटालियनमधला आपला आकडा कान देऊन ऐकत राहायचा. आकडा चुकला की पाळी गेली. आत पांढऱ्या-हिरव्या टाइल्स, संगमरवरी टेबलं, अनोळखी माणसांच्या शेजारी जिथं जागा तिथं बसवतात. वर्षानुवर्षं तिथं दोनच पिझ्झे मिळायचे, मारिनारा आणि मार्गेरिता. मारिनारावर तर चीजसुद्धा नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, विषय संपला.

पिझ्झा ताटाच्या बाहेर लोंबतोय एवढा मोठा, कडा फुगलेल्या नि जागोजागी काळ्या पडलेल्या, मधे एकदम मऊ. उचलला की टोक खाली पडतं. लाकडाच्या भट्टीत चारशेच्या वर डिग्री तापमान असतं, मिनीट-दीड मिनिटात पिझ्झा तयार. त्यामुळं पीठ वाळत नाही. आपल्याकडं कडक, कुरकुरीत पिझ्झ्याची सवय झालेली, आमच्या एका मित्राला वाटलं कच्चाच आहे. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला सुरी-काटा दाखवला, कापून खा म्हणून. मारिनारा खाऊन मी थक्क. चीजशिवाय पिझ्झा नुसत्या टोमॅटोवर उभा राहतो, म्हणजे टोमॅटो काय दर्जाचा असेल. नाद खुळा.

२०१७ मध्ये युनेस्कोनं नापोलीच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्या मिसळीचं कधी करणार?

आणि ती मार्गेरिता १८८९ मध्ये राणीसाठी पहिल्यांदा केली, हे तिथं सगळेच सांगतात.

टेंबलाई नाका

सगळे सांगतात, पण इतिहासवाल्यांचा त्यावर विश्वास कमी आहे. राणी मार्गेरिता नापोलीला आली, राफाएले एस्पोसितोनं तीन पिझ्झे केले, तिला झेंड्याच्या रंगाचा आवडला, अशी गोष्ट. राजवाड्याचं म्हणून जे पत्र पुरावा म्हणून दाखवतात त्यावर शंका घेतल्या गेल्यात, आणि टोमॅटो-मोझरेल्लाचा पिझ्झा त्याच्या आधीही व्हायचा.

मंगळवारपेठी

राणीनं खाल्ला काय, न खाल्ला काय. मी खाल्लाय.

महाद्वार रोड

शाकाहाऱ्यांच्या वतीनं थोडं लिहिते, कारण इथं वाचून लोक ‘इटालियन म्हणजे शाकाहाऱ्यांना सोपं’ असं समजून जातील.

मिलानमध्ये नवऱ्याच्या ऑफिसमधल्या लोकांनी आम्हाला एका जुन्या घरच्या हॉटेलात नेलं. तिथं आईच स्वयंपाक करते, दोघी मुली वाढतात. मी केशराचा रिसोत्तो मागवला, मिलानचा तो प्रसिद्ध पिवळा भात. ऑर्डर घेताना मुलीनं विचारलं, तुम्ही मांस अजिबात खात नाही की नुसतं ताटात दिसायला नको? मी म्हटलं अजिबात नाही. ती आत जाऊन आली आणि म्हणाली, मग हा खाऊ नका, आई ह्यात हाडातला मगज घालते, आणि स्टॉकही मांसाचाच. वर तिनं हेही सांगितलं की किसून घालायचं पार्मिजानो चीजसुद्धा तुम्हाला चालणार नाही. दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. अस्सल पार्मिजानो रेज्जानो दुसऱ्या कशानं करायची परवानगीच नाही, नियमात तसं लिहिलंय. रोमचं पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, घ्या तर त्यात कोकराचं रेनेट.

मी तोपर्यंत कितीतरी वेळा ते आनंदानं खाल्लं होतं. पण राग नाही आला, उलट त्या मुलीचं कौतुक वाटलं. मोठ्या हॉटेलात ‘येस मॅडम, व्हेज’ म्हणून मोकळे झाले असते. मग तिच्या आईनं माझ्यासाठी वेगळं केलं. छोले घालून पास्ता, रोझमेरी, लसूण आणि वर कच्चं ऑलिव्ह तेल, चीज नाही. दाट, उसळीसारखं. त्याचे पैसे किती लावायचे ह्यावर मायलेकींची आत बराच वेळ चर्चा चाललेली ऐकू येत होती.

शाकाहाऱ्यांनी जाताना हे विचाराच : स्टॉक कशाचा, चीज कुठलं, सॉसमध्ये अँकोव्ही मासा आहे का. भारतात बनणाऱ्या बऱ्याचशा चीजला मायक्रोबियल, म्हणजे प्राण्याच्या पोटातलं नसलेलं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो, त्यामुळं इथं हा प्रश्न आपल्याला पडतच नाही.

नाव नको

माझा अनुभव कडू. शहर आणि हॉटेल दोन्ही सांगत नाही. ‘तीन पिढ्यांची परंपरा’ अशी पाटी, भिंतीवर आजोबांचा फोटो, आजीचा फोटो, आजी पीठ मळतानाचा फोटो. गल्ल्यावर मात्र शर्टावर कंपनीचा बिल्ला लावलेला मॅनेजर. आतून मायक्रोवेव्हची टिंग. लाझान्याच्या कडा गरम नि मध्ये बर्फ. चौकशी केली तर कळलं, नातवंडांनी केव्हाच विकून टाकलंय, फोटोसकट.

वर माशाचा फटका बसला. मेनूवर माशापुढं किंमत बारकी दिसते, ती शंभर ग्रॅमची असते. अख्खा मासा सहाशे-सातशे ग्रॅमचा येतो. मासा शिजायच्या आधी वजन करून दाखवा म्हणायचं, चांगली हॉटेलं स्वतःहून दाखवतात.

बेथनल ग्रीनची मावशी

लंडनमधून. इथं पूर्व भागात ई. पेलिच्ची म्हणून एक कॅफे आहे, १९०० सालापासून त्याच कुटुंबाकडं. आत लाकडात वेगवेगळ्या रंगाचं लाकूड बसवून केलेलं नक्षीकाम आहे, इतकं देखणं की इमारतीला सरकारी वारसा यादीत घेतलंय. पण खायला काय, तर इंग्लिश नाश्ता! अंडी, बीन्स, टोस्ट. आणि त्याच काउंटरवरून लाझान्या. इटालियन माणसानं गोऱ्या मजुराला जे पाहिजे ते दिलं आणि हळूच आपलं पण सरकवलं. जागा इतकी थोडी की अनोळखी माणसासमोर बसावंच लागतं आणि मालक आल्या आल्या ‘डार्लिंग’ म्हणून हाक मारतात. मला कोल्हापुरातल्या मिसळीच्या हॉटेलांची आठवण येते. तिथंही बाकावर ‘जरा सरका की’ म्हणत चौथा माणूस बसतोच.

एक गोष्ट मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. ह्या जुन्या इटालियन कॅफेंत भिंतीवर फोटो बघताना मला पूर्वी नुसतं छान वाटायचं. मग एका दुसऱ्याच हॉटेलातल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी १९४० चं सांगितलं. १० जूनला मुसोलिनीनं ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री लंडनमध्ये इटालियन दुकानांच्या काचा फुटायला लागल्या. काल चहा प्यायला आलेलीच माणसं दगड मारत होती. पुरुषांना पकडून छावण्यांत टाकलं. काहींना अरांडोरा स्टार नावाच्या जहाजातून कॅनडाला पाठवत होते. ते २ जुलैला जर्मन पाणबुडीनं बुडवलं, चारशेच्या वर इटालियन कैदी गेले. त्यात वेटर होते, आचारी होते, कॅफेवाले होते. बायकांनी दुकानं परत उघडली. म्हणजे हे ‘इतकी वर्षं एकाच घराण्याकडं’ आपण सहज म्हणतो, त्यात मधली काही वर्षं कुणी आणि कशी काढली ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

जुना बुधवार

मावशी, फार बरं केलंत लिहिलंत. माझं वय झालंय, इटलीचं मला काही माहीत नाही, पण ‘जुनं, घरगुती, आपुलकीचं’ हे वाचताना मला आपल्याच गावातलं एक हॉटेल आठवत होतं, जे आज नाही.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत कामाला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मार बसला. शाहू महाराज दौऱ्यावरून परतल्यावर गंगाराम जाऊन रडले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामला सांगितलं, नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा कर. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. त्या काळी अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवायचे, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. महाराज पितात म्हटल्यावर बाकीच्यांची पंचाईत.

जुन्या हॉटेलांचं कौतुक करताना तिथं तेव्हा कुणाला बसू देत होते, हे मी आधी विचारतो. घरगुतीपणा कुणाच्या घरचा, हा प्रश्न उरतोच. बाकी चालू द्या, वाचतोय.

शिवाजी पेठ

आबा, नमस्कार. लई मोलाचं लिवलंसा.

मी जरा उलट्या बाजूनं लिवतो, कारण आमची खानावळच हाय. आज्जीनं काढली, आईनं वाढवली, आता मी नि बायको बघतो. गिऱ्हाईक येतंय नि म्हणतंय, ‘काय भारी, घरचं वातावरण!’ घरचं वातावरण म्हंजे सकाळी सहाला मटण आणायला जाणं, दुपारी चारला स्वतः जेवणं आणि भावाच्या लग्नात सुद्धा पंगत आपणच वाढणं.

२०१९ च्या शेवटाला मटणाच्या दरावरनं कोल्हापुरात आंदोलन पेटलं हुतं, आठवतंय न्हवं? लोक मटण खायचं बंद करतो म्हणालं. आमची अवस्था अशी की दर वाढला तर ताटाचा दर वाढवायची सोय न्हाई, रोजचा गडी तोंडावर बोलतो. आणि फोडी कमी केल्या तर त्यो बोलत न्हाई, यायचाच बंद हुतो. मग आम्ही चटणी-मसाल्यात न्हाई, आमच्या पोटात कपात केली.

आता पांढऱ्या रश्श्याचं. पोरगं हॉटेल मॅनेजमेंट शिकतंय, म्हणतंय सगळं एका ठिकाणी करून पाकिटातनं पाठवूया, चार शाखा काढू. म्या म्हटलं पांढरा रस्सा करून दाखव. मटणाचं पाणी, त्यात काजू-तीळ-खसखशीचं वाटण, शेवटाला नारळाचं दूध. दूध घातलं की सारखं ढवळायचं नि रटरटू द्यायचं न्हाई. रटरटला की फुटला. त्याला तीन पातेली फोडल्यावर कळलं. चौथं जमलं, खोटं कशाला बोलू. पण शाखा अजून काढलेल्या न्हाईत.

पांढरा संपला की खानावळ बंद. ‘बोर्डावर दहा लिवलंय, आत्ता नऊच वाजल्यात’ म्हणून लोक भांडत्यात. भांडा.

कार्लटनचा भांडीवाला

शिवाजी पेठ दादा, तुमचं वाचून हात शिवशिवले, म्हणून इतके दिवस नुसता वाचणारा मी आज लिहितोय.

मी मेलबर्नला शिकायला होतो तेव्हा लायगन स्ट्रीटच्या बाजूला एका इटालियन कुटुंबाच्या हॉटेलात भांडी घासायचो, पुढं भाजी चिरायला बढती मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारोंनी इटालियन ऑस्ट्रेलियाला आले, त्यातलंच एक कुटुंब. नोन्ना, म्हणजे आजी, ऐंशीच्या पुढची. दर गुरुवारी न्योकी, म्हणजे बटाटा-मैद्याचे उकडलेले छोटे तुकडे. रोमकडच्यांची ती जुनी रीत आहे, गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासा.

बटाटे सालासकट उकडायचे, साल काढून उकडले तर पाणी पितात. गरम असतानाच सोलायचे, बोटं भाजली तरी, आणि जाळीतून दाबून ओट्यावर पसरायचे म्हणजे वाफ निघून जाते. मग मैदा. किती? माझ्या वहीत लिहायला मी विचारलं तर नोन्ना म्हणाली, बटाटा मागेल तेवढा. नवा बटाटा ओला, त्याला मैदा जास्त लागतो आणि न्योकी चिवट होते, म्हणून ती बाजारातनं जुना बटाटा हुडकून आणायला लावायची. गोळा जास्त मळला की तिचा लाकडी चमचा माझ्या मनगटावर. सुरळी करून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे आणि काट्याच्या पाठीवरून अंगठ्यानं एकेक घसरवायचा. एका बाजूला रेघा उमटतात, दुसऱ्या बाजूला खळगा पडतो, सॉस त्या खळग्यात बसतो. उकळत्या पाण्यात टाकल्यावर वर तरंगले की झाले.

आता तुमच्या रश्श्याशी गाठ. रोमचा काच्यो ए पेपे म्हणजे पास्ता, पेकोरिनो चीज, काळी मिरी. तीनच जिनसा, आणि हॉटेलातला सगळ्यांत जास्त बिघडणारा पदार्थ. कढई जास्त तापली की चीजच्या गुठळ्या होतात, पाणी वेगळं, रबर वेगळा. पास्ता उकडलेल्या पाण्यात पिठाचा चीक उतरलेला असतो, ते पाणी थोडं थोडं घालत, आचेवरून खाली उतरवून हलवत राहायचं. मालकाचा मुलगा पगारी आचाऱ्यालासुद्धा तो करू द्यायचा नाही. त्यानं मला एकदाच करू दिला, आणि मी न फोडता केला, कारण आईबरोबर पांढरा रस्सा ढवळलेला हात होता. त्याला मी हे सांगितलं नाही. फुशारकी राहू दे की जरा.

आतली दुसरी बाजूही लिहितो. दुपारची शिफ्ट संपली की सगळे एका टेबलावर जेवायचो, मालक, वाढपी, भांडीवाले, सगळ्यांना तेच. मला डुक्कर चालत नाही म्हणून माझ्या ताटात न बोलता अंड्याचं काहीतरी यायचं. पण त्याच टेबलावर बापलेकांची धंद्यावरून रोज कटकट. मुलगी वकील झाली, तिनं स्पष्ट सांगितलं मी हे करणार नाही. मुलगा करत होता, पण पाठ गेली होती त्याची. नोन्ना गेल्यावर गुरुवारची न्योकी त्यानं बंद केली. चव कमी पडायची म्हणून नव्हे. हाताला माणूस मिळत नाही, आणि तयार पाकीट आणायला त्याला लाज वाटत होती.

शिवाजी पेठ

भावा, कोल्हापूरला आलास की भटारखान्यातनं ये, पुढच्या दारानं येऊ नगो. पातेलं तुझ्याच हातात देतो.

न्यू शाहूपुरी

सगळं वाचलं. आमची ऑगस्टमध्ये रोम-फ्लॉरेन्सची ट्रिप ठरतेय. अशी घरची हॉटेलं कशी ओळखायची?

पापाची तिकटी

ऑगस्टमध्ये ओळखून उपयोग नाही, बंद असतात. १५ ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तोचा सण, त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे घरची हॉटेलं कुलूप लावून समुद्रावर जातात. दारावर सुट्टीची चिठ्ठी दिसेल. उघडी राहतात ती बहुतेक पर्यटकांसाठीची. जमलं तर सप्टेंबरच्या मध्यावर जा. आणि दुपारी अडीच-तीननंतर साडेसात वाजेपर्यंत चूल बंद असते, तेव्हा मुलांच्या खाण्याची सोय पिशवीत ठेवा. दारात उभं राहून हाताला धरून आत ओढणारा दिसला की पुढं चालायला लागा. पाच भाषांतला, फोटो छापलेला मेनू असला तरी तेच. टेबल आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, संध्याकाळी आठचं. सहा माणसं असाल तर नक्कीच.

न्यू शाहूपुरी

आम्ही चौदा आहोत.

पापाची तिकटी

मग डबे न्या.